देखरेखीखालील व्यायाम आणि कर्करुग्णाचे दैनंदिन जीवन

रोग्याने अंथरुणावर पडून राहावे, ही सूचना वैद्यकाइतकीच जुनी आहे. ज्वराने तापलेल्या, जखमी झालेल्या किंवा रक्तस्रावाने क्षीण झालेल्या माणसाला विश्रांती हवी, हे कोणत्याही काळातील वैद्याला वेगळे शिकवावे लागले नाही. परंतु आरंभी जी सूचना काही दिवसांपुरती होती, ती पुढे जवळजवळ सर्वच गंभीर रोगांना आणि तीही दीर्घ काळासाठी लागू करण्यात आली. हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाला विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कित्येक आठवडे पाठीवर निजवून ठेवीत असत. १९५२ मध्ये अमेरिकेतील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लॉन या हृदयरोगतज्ज्ञांनी अशा रुग्णांना लवकरच आरामखुर्चीत बसविण्याच्या आपल्या पद्धतीची माहिती प्रसिद्ध केली. आज हृदयविकाराच्या रुग्णाला लवकर उठविणे आणि हळूहळू चालावयास लावणे हा उपचाराचाच भाग मानला जातो.

कर्करोगाच्या बाबतीत हा बदल बराच उशिरा आला, आणि त्याला कारणही होते. या रोगात केवळ रोगच नव्हे, तर त्यावरील उपचारही शरीराला थकवितात. शस्त्रक्रियेने स्नायू कापले जातात, रसायनोपचाराने रक्तातील पेशी घटतात, किरणोपचाराने त्वचा व आतील ऊती होरपळतात. अशा माणसाला व्यायाम करावयास सांगणे हे पुष्कळांना क्रौर्य वाटे. तथापि गेल्या चार दशकांत झालेल्या अभ्यासांनी असे दाखवून दिले आहे की, मोजून दिलेला आणि जाणकाराच्या देखरेखीखाली केलेला व्यायाम या रुग्णांना बहुधा सोसतो. एवढेच नव्हे, तर उपचारांच्या काळातील त्यांचे जीवन तो अधिक सुसह्य करतो. हा व्यायाम कोणता, त्याचे मोजमाप कसे करतात, देखरेख कशासाठी लागते आणि त्याच्याकडून कोणती अपेक्षा धरू नये, या गोष्टींचा विचार या प्रकरणात केला आहे.

विश्रांतीची किंमत

पडून राहिल्याने शरीराची किती हानी होते, याचा एक प्रसिद्ध पुरावा १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे मिळाला. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर पडून राहावयास सांगण्यात आले. या तीन आठवड्यांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता चतुर्थांशाहूनही अधिक घटली. मनुष्य किती श्रम करू शकेल, हे या क्षमतेवर अवलंबून असते. तीस वर्षांनी याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा असे आढळले की, तीस वर्षांच्या वार्धक्याने या क्षमतेची जेवढी हानी झाली होती, तिच्यापेक्षा त्या तीन आठवड्यांच्या विश्रांतीने झालेली हानी अधिक होती.

हे पाचही जण निरोगी होते आणि नंतरच्या सरावाने त्यांनी आपली शक्ती परत मिळविली. कर्करुग्णाच्या बाबतीत मात्र विश्रांतीची हानी उपचारांच्या हानीत मिसळते. रसायनोपचारातील काही औषधे हृदयाच्या स्नायूला दुबळे करतात. मळमळ कमी व्हावी म्हणून दिलेली स्टेरॉइड औषधे दीर्घकाळ घेतल्यास हातापायांचे स्नायू झिजवितात. रक्तातील तांबड्या पेशी कमी झाल्याने प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडतो. भूक मंदावल्यामुळे स्नायूंच्या भरपाईला लागणारी प्रथिने पोटात जात नाहीत. त्यातच रुग्ण दिवसचा दिवस पडून राहिला, तर आठवड्याभरापूर्वी सहज चढता येणारा जिना त्याला डोंगरासारखा वाटू लागतो.

कर्करोगातील थकवा

कर्करुग्णाचा थकवा हा दिवसभराच्या कामानंतर येणाऱ्या थकव्याहून निराळा असतो. शेतात राबलेला माणूस रात्री झोपतो आणि सकाळी ताजातवाना होऊन उठतो. कर्करुग्ण मात्र दहा तास झोपूनही तितकाच थकलेला उठतो. आंघोळ करणे, केस विंचरणे, चार माणसांशी बोलणे एवढ्यानेही तो गळून जातो. उपचार घेणाऱ्यांपैकी फार मोठ्या संख्येने रुग्ण या थकव्याची तक्रार करतात आणि वेदनेपेक्षाही तो अधिक छळतो, असे त्यांच्यातील अनेक जण सांगतात. वेदनेवर औषध आहे. या थकव्यावर मात्र खात्रीचे असे औषध सापडलेले नाही.

थकलेला माणूस साहजिकच हालचाल टाळतो. हालचाल टाळल्याने स्नायू झिजतात व हृदयाची शक्ती घटते. शक्ती घटल्यामुळे पूर्वी हलके वाटणारे काम जड होते आणि थकवा वाढतो. वाढलेला थकवा त्याला आणखी पडून राहावयास लावतो. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले की विश्रांतीने ते थांबत नाही, उलट तिच्यामुळेच त्याला गती मिळते. रक्तक्षय, थायरॉइड ग्रंथीचे मांद्य, निद्रानाश, अपुरा आहार अशी थकव्याची उपचारयोग्य कारणे वैद्याने आधी शोधावीत, हे खरेच. परंतु ती दूर केल्यावरही जो थकवा उरतो, त्याचे चक्र तोडण्याचा सर्वात भरवशाचा उपाय म्हणून आज बेताच्या व्यायामाकडे पाहिले जाते.

पहिले प्रयोग

या विचाराची पहिली पद्धतशीर कसोटी परिचारिकांनी घेतली, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. रुग्णाच्या उशाशी सर्वात अधिक काळ असणारी व्यक्ती परिचारिका असते आणि त्याची खालावत जाणारी शक्ती प्रथम तिच्याच नजरेस येते. अमेरिकेतील ओहायो राज्यात मेरी मॅकव्हिकर व मेरिल विनिंगहॅम या परिचर्याशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात स्तनाच्या कर्करोगासाठी रसायनोपचार घेणाऱ्या स्त्रियांना स्थिर सायकलीवर व्यायाम दिला. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात ४५ स्त्रिया होत्या. त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकल चालविली. दुसऱ्याने केवळ अंग ताणण्याचे सौम्य प्रकार केले. तिसऱ्याने नेहमीचेच उपचार घेतले. सायकल चालविणाऱ्या स्त्रियांची कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. ज्या काळात ती घटणार असे सर्वजण गृहीत धरीत, त्याच काळात ही वाढ झाली होती.

अंग ताणण्याचा दुसरा गट कशासाठी होता, असा प्रश्न वाचकाला पडेल. आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे, एवढ्यानेही रुग्णाला बरे वाटते. सुधारणा लक्ष दिल्यामुळे झाली की व्यायामामुळे, हे या दुसऱ्या गटाशी तुलना करून ओळखता येते.

याहून कठोर कसोटी जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे लागली. तेथे फर्नांडो दिमेओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अत्यंत तीव्र मात्रेचा रसायनोपचार आणि त्यानंतर रक्ताच्या मूलपेशींचे पुनर्रोपण होणारे ७० रुग्ण निवडले. हे रुग्ण काही आठवडे रुग्णालयाबाहेर पडू शकत नाहीत. त्यांच्यापैकी ३३ जणांना पलंगावर पडल्या पडल्या पायांनी चालविता येईल अशा सायकलीवर, मधून मधून थांबत, रोज अर्धा तास व्यायाम देण्यात आला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, व्यायाम न करणाऱ्यांच्या शारीरिक क्षमतेची घट व्यायाम करणाऱ्यांपेक्षा २७ टक्क्यांनी अधिक होती. व्यायाम करणाऱ्यांच्या वेदना व अतिसार कमी तीव्र होते आणि ते लवकर घरी गेले. शक्ती घटली ती दोन्ही गटांची. व्यायामाने ही घट टळली नाही, तर ती कमी झाली. हा भेद पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावयास हवा.

जीवनाची गुणवत्ता कशी मोजतात?

रुग्ण किती पावले चालला हे मोजता येते. परंतु त्याचे जगणे किती सुसह्य झाले, हे कसे मोजावे? यासाठी संशोधकांनी प्रश्नावल्या तयार केल्या. युरोपातील कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व आजही सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीत ३० प्रश्न आहेत. लांबवर चालताना त्रास होतो काय, खाणे, कपडे घालणे किंवा आंघोळ यांसाठी दुसऱ्याची मदत लागते काय, झोप लागते काय, गेल्या आठवड्यात मन उदास होते काय, आजारामुळे कुटुंबातील व्यवहारात अडथळा आला काय, अशा प्रकारचे ते प्रश्न असतात. उत्तर वैद्याने द्यावयाचे नसून रुग्णाने स्वतः द्यावयाचे असते. जगणे ज्याचे, त्याचेच मत येथे प्रमाण मानले जाते.

या मापाने पाहिल्यास व्यायामाचे फळ काय दिसते? कॅनडातील तीन शहरांत स्तनाच्या कर्करोगाच्या २४२ स्त्रियांवर केरी कूर्निया व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही स्त्रियांना दमसास वाढविणारा व्यायाम आणि काहींना वजने उचलण्याचा बलवर्धक व्यायाम देण्यात आला. उरलेल्यांना नेहमीचेच उपचार मिळाले. जीवनाच्या गुणवत्तेच्या एकूण गुणांत तीन गटांमध्ये निर्णायक म्हणता येईल असा फरक आढळला नाही. मात्र व्यायाम करणाऱ्या स्त्रियांचा आत्मसन्मान वाढला. पहिल्या गटाचा दमसास टिकला आणि दुसऱ्याचे स्नायुबल वाढले. याखेरीज एक अनपेक्षित गोष्ट आढळली. वजने उचलणाऱ्या स्त्रियांना ठरलेल्या रसायनोपचारापैकी सरासरी ८९.८ टक्के मात्रा वेळेवर घेता आली, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ८४.१ टक्के होते. अशक्तपणामुळे वा रक्तपेशी घटल्यामुळे वैद्याला औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा उपचार पुढे ढकलावे लागतात. म्हणून शरीराची सहनशक्ती टिकविण्याला केवळ सुखाचेच नव्हे, तर उपचाराच्या दृष्टीनेही मोल आहे.

डेन्मार्कमधील कोपनहेगन येथील रुग्णालयांत याहून मोठा उपक्रम चालविण्यात आला. २१ प्रकारच्या कर्करोगांचे २६९ रुग्ण त्यात सहभागी झाले होते. त्यांपैकी व्यायामगटाला सहा आठवडे, दर आठवड्यास नऊ तास, जोमदार व्यायाम, शिथिलीकरण आणि मर्दन असा संयुक्त कार्यक्रम देण्यात आला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार त्यांचा थकवा कमी झाला, उत्साह व शारीरिक क्षमता वाढली. परंतु येथेही एकूण गुणवत्तेच्या गुणांत निर्णायक फरक पडला नाही.

या निष्कर्षांतून निघणारा अर्थ सरळ आहे. व्यायामाने रोगाची चिंता नाहीशी होत नाही, गळलेले केस परत येत नाहीत, औषधांचा खर्चही कमी होत नाही. या सर्वांची छाया एकूण गुणांवर पडते. व्यायामाने बदलतात त्या गोष्टी लहान पण रोजच्या आहेत. न थांबता जिना चढणे, स्वतःची आंघोळ स्वतः करणे, मुलाला कडेवर घेणे, बाजारापर्यंत जाऊन येणे या त्या गोष्टी होत. ज्याच्या हातून त्या सुटल्या आहेत, त्याला त्यांचे महत्त्व सांगावे लागत नाही.

देखरेखीचा अर्थ

देखरेख म्हणजे केवळ शेजारी उभे राहणे नव्हे. तिची तीन अंगे आहेत. आरंभीची तपासणी, मात्रेची निश्चिती आणि दर दिवशी करावयाची फेरतपासणी.

आरंभी रुग्णाचा रोग कोणत्या अवस्थेत आहे, त्याने कोणती औषधे घेतली आहेत, हृदयाचे कार्य कसे आहे, रोग हाडांत पसरला आहे काय, तळपाय बधिर झाले आहेत काय, याची नोंद करतात. त्यानंतर त्याची क्षमता मोजतात. त्यासाठी मौल्यवान यंत्रेच हवीत असे नाही. तीस मीटर लांबीची सपाट पडवी, एक खुर्ची आणि एक घड्याळ यांवर काम भागते. सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, हे मोजण्याची चाचणी जगभर वापरली जाते. हातांचा आधार न घेता खुर्चीवरून ठरावीक वेळात तो किती वेळा उठतो, हेही पाहतात.

मात्रा ठरविताना रुग्णाचे स्वतःचे बळ हेच माप असते. २०१८ मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांची एक परिषद भरली आणि तिच्या शिफारशी पुढील वर्षी प्रसिद्ध झाल्या. थकवा, चिंता व उदासीनता कमी करण्यासाठी आणि जीवनाची गुणवत्ता वाढविण्यासाठी आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे तीस मिनिटे मध्यम श्रमाचा दमसास वाढविणारा व्यायाम पुरेसा आहे, असे त्यांत सांगितले आहे. त्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा बलवर्धक व्यायाम करता येतो. उचलावयाचे वजन आपल्या कमाल शक्तीच्या सुमारे ६० टक्के असावे, तो प्रकार ८ ते १५ वेळा करावा, थोडे थांबावे आणि पुन्हा एकदा करावा. अमेरिकेतील कर्करोग-चिकित्सकांच्या संघटनेनेही २०२२ मध्ये, रोगमुक्तीच्या हेतूने उपचार घेणाऱ्या रुग्णांना उपचार चालू असतानाच असा व्यायाम सांगावा, अशी शिफारस केली. हे अंतिम लक्ष्य होय, प्रारंभ नव्हे. जो पाच मिनिटेच चालू शकतो, त्याने दिवसातून तीन वेळा पाच मिनिटे चालावे आणि आठवड्या-आठवड्याने त्यात भर घालावी.

श्रम मध्यम आहेत की नाहीत, हे ओळखण्याची एक साधी खूण आहे. चालताना बोलता यावे, परंतु गाता येऊ नये. ज्याला गाता येते त्याचे श्रम हलके आहेत, आणि ज्याला वाक्य पुरे करता येत नाही त्याचे श्रम जास्त आहेत. याशिवाय स्वीडनमधील गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली, ६ पासून २० पर्यंत अंक असलेली एक मोजपट्टी वापरतात. आपल्याला किती श्रम वाटत आहेत, हे रुग्ण तिच्यावरील अंक दाखवून सांगतो. रसायनोपचारात नाडीचा वेग औषधांनी व रक्तक्षयाने बदलत असल्यामुळे केवळ नाडीवर विसंबून चालत नाही. म्हणून रुग्णाच्या स्वतःच्या जाणिवेला येथे विशेष महत्त्व आहे.

दररोजची फेरतपासणी

निरोगी माणसाचा कालचा व्यायाम आजही चालतो. कर्करुग्णाचे तसे नाही. रसायनोपचाराच्या प्रत्येक फेरीनंतर काही दिवस त्याची प्रकृती खालावते आणि पुढील फेरीपूर्वी पुन्हा सावरते. म्हणून शिक्षकाने दर वेळी प्रथम रुग्णाची विचारपूस करावी आणि त्या दिवसाची मात्रा तेव्हाच ठरवावी. वाईट दिवशी ती निम्म्यावर आणणे हे अपयश नव्हे, तर पद्धतीचाच भाग आहे.

ज्या दिवशी ताप आहे, त्या दिवशी व्यायाम नाही. पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा दिसणारा ताप गंभीर संसर्गाची पहिली खूण असू शकतो. अशा रुग्णाने व्यायामाचाच नव्हे तर घरगुती औषधांचाही विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. याच काळात गर्दीच्या व्यायामशाळा आणि पोहण्याचे तलाव टाळावेत. किरणोपचाराने होरपळलेल्या त्वचेलाही तलावातील औषधमिश्रित पाणी अपायकारक ठरते. बिंबाणू कमी असताना पडण्याचा वा मार लागण्याचा धोका असलेले प्रकार करू नयेत, कारण लहानशा दुखापतीनेही रक्तस्राव होऊ शकतो. रोग हाडांत पसरला असेल, तर त्या हाडावर भार येणार नाही आणि पाठीला पीळ पडणार नाही, असे प्रकार निवडावेत. तळपाय बधिर झालेल्या रुग्णाला खडबडीत रस्त्यावर चालविण्यापेक्षा स्थिर सायकलीवर बसविणे सुरक्षित असते. छातीत दुखणे, अकस्मात धाप लागणे, भोवळ येणे किंवा एका पायाला सूज येणे यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम त्याच क्षणी थांबवून वैद्यास कळविले पाहिजे.

या यादीने वाचकाने घाबरून जाऊ नये. तिच्यातील बहुतेक नियम व्यायाम थांबविण्याचे नसून बदलण्याचे आहेत. भीतीपोटी घातलेली बंदी किती निराधार असू शकते, याचे एक उदाहरण येथे देण्याजोगे आहे. स्तनाच्या शस्त्रक्रियेत काखेतील लसीकाग्रंथी काढल्यास काही स्त्रियांच्या हातात लसीका साचून सूज येते. या स्त्रियांना अनेक वर्षे अशी ताकीद दिली जात असे की, त्या हाताने जड वस्तू उचलू नये. त्यामुळे पाण्याची कळशी, बाजाराची पिशवी आणि स्वतःचे मूलही त्यांना वर्ज्य झाले. कॅथरिन श्मिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सूज असलेल्या १४१ स्त्रियांचा वर्षभर अभ्यास केला. त्यांच्यापैकी निम्म्या स्त्रियांना सुरुवातीचे १३ आठवडे देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनापासून क्रमाक्रमाने, वजने उचलण्यास शिकविले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वजने उचलल्याने सूज वाढली नाही. उलट सूज बळावण्याचे प्रसंग या स्त्रियांत कमी घडले. हात वापरल्याने नव्हे, तर न वापरल्याने अधिक दुबळा झाला होता.

एकट्याने केला तर?

रुग्णाला एक पत्रक देऊन घरीच चालावयास सांगितले, तर शिक्षकाचा खर्च वाचणार नाही काय? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न झाला आहे. २०१७ मध्ये नेदरलँड्समधील लॉरिन बुफार्ट व अनेक देशांतील त्यांच्या सहकाऱ्यांनी ३४ अभ्यासांतील ४,५१९ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली. व्यायामाने जीवनाची गुणवत्ता व शारीरिक क्षमता या दोन्हींत माफक पण निश्चित सुधारणा होते, असे तीत दिसले. वय, शिक्षण किंवा रोगाचा प्रकार यांनी या परिणामात फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो देखरेखीने. देखरेखीखालील व्यायामाचा परिणाम एकट्याने केलेल्या व्यायामापेक्षा अधिक होता.

नेदरलँड्समध्येच २३० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात घरच्या घरी करावयाचा हलका व्यायाम आणि देखरेखीखालील जोमदार व्यायाम यांची तुलना करण्यात आली. घरी व्यायाम करणाऱ्यांनाही लाभ झाला, म्हणून त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु रसायनोपचाराची मात्रा कमी करावी लागण्याचे प्रमाण देखरेखीखालील गटातच घटले.

याची कारणे समजण्यास कठीण नाहीत. जाणकार शेजारी असला म्हणजे रुग्ण न भीता आपल्या शक्तीनुसार श्रम करतो. एकटा असला की तो एक तर बिचकतो किंवा एखाद्या चांगल्या दिवशी अति करून पुढील चार दिवस अंथरूण धरतो. ठरलेल्या वेळी कोणी तरी आपली वाट पाहत आहे, हे माहीत असल्याने तो घराबाहेर पडतो. त्याच्यासारखेच इतर तेथे भेटतात. ज्या ठिकाणी त्याच्यावर काही तरी केले जाते अशा रुग्णालयात, तो स्वतः काही तरी करतो अशी ही एकच जागा असते.

रोग बळावल्यानंतर

रोग शरीरात पसरला असून पूर्ण बरा होण्याची आशा नाही, अशा रुग्णांना व्यायाम सांगावा काय, याविषयी दीर्घकाळ साशंकता होती. या प्रश्नावरील एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मनी, पोलंड, स्पेन, स्वीडन, नेदरलँड्स व ऑस्ट्रेलिया या देशांतील, स्तनाचा कर्करोग इतर अवयवांत पसरलेल्या ३५७ रुग्णांनी त्यात भाग घेतला. व्यायामगटातील रुग्णांसाठी नऊ महिन्यांचा कार्यक्रम होता. पहिले सहा महिने आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला. या रुग्णांचा थकवा तुलनागटापेक्षा कमी राहिला आणि त्यांच्या जीवनाची गुणवत्ता अधिक चांगली राहिली. ज्यांच्या हाती उरलेला काळ मर्यादित आहे, त्यांना तो काळ कसा घालविता येतो, हा गौण प्रश्न नाही.

भारतातील परिस्थिती

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले. स्त्रियांत स्तनाचा आणि पुरुषांत तोंडाचा कर्करोग सर्वाधिक होता. तोंड व घसा यांच्या कर्करोगात रसायनोपचार व किरणोपचार बरोबरच चालतात तेव्हा गिळणे कठीण होते, वजन झपाट्याने घटते आणि रुग्ण फार लवकर शक्तिहीन होतो. अशाच १४८ रुग्णांवर कर्नाटकातील भौतिकोपचारतज्ज्ञांनी केलेला अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. झपझप चालणे आणि हातापायांचे हलके बलवर्धक प्रकार, असा अकरा आठवड्यांचा तो कार्यक्रम होता. व्यायाम करणाऱ्यांची चालण्याची क्षमता व जीवनाची गुणवत्ता तुलनागटापेक्षा निश्चितपणे चांगली राहिली आणि थकवा बळावला नाही. त्यासाठी लागलेली साधने कोणत्याही जिल्हा रुग्णालयाच्या आवाक्यातील आहेत.

आपल्याकडील अडचणी वेगळ्या प्रकारच्या आहेत. पुष्कळ रुग्ण, विशेषतः स्त्रिया, आधीपासूनच रक्तक्षयाने पीडित असतात. त्यांच्या बाबतीत रक्ताची तपासणी व आहार यांकडे प्रथम लक्ष द्यावे लागते. अन्न पोटात जात नसताना व्यायामाचा भार वाढविणे योग्य नव्हे. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा सायंकाळी उशिरा व्यायाम करणे भाग पडते. उपचारकेंद्रे थोड्या शहरांत असल्याने रुग्णांना घरापासून दूर राहावे लागते. परंतु याच अडचणीचा उपयोगही करून घेता येईल. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असा कित्येक आठवडे चालतो आणि तेवढा काळ रुग्ण रुग्णालयाच्या आसपास राहतो. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या जागी देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक असेच राहतात. किरणोपचारासाठी तो रोज येतोच. त्याला अर्धा तास अधिक थांबवून घेता आले, तर वेगळ्या फेरीचा खर्च पडणार नाही.

सर्वात मोठी अडचण मात्र प्रेमातून निर्माण होते. आजारी माणसाच्या हातून भांडे काढून घेणे, त्याला पाणी जागेवर देणे, उठू लागला की पुन्हा निजविणे यातच आपली सेवा आहे, असे घरच्यांना वाटते. ही भावना आदरणीय आहे, परंतु तिचे फळ रुग्णाला परावलंबी करणारे आहे. म्हणून व्यायामाच्या पहिल्या दिवशी घरातील एका माणसाला बरोबर बोलावून सारी पद्धती समजावून सांगणे अगत्याचे असते. रुग्णाबरोबर रोज वीस मिनिटे चालणे हीदेखील सेवाच आहे, हे त्याला पटले की निम्मे काम झाले.

अपेक्षेची मर्यादा

व्यायामाने कर्करोग बरा होतो, असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. शस्त्रक्रिया, किरणोपचार वा औषधे यांची जागा व्यायाम घेऊ शकत नाही आणि व्यायामाच्या भरवशावर उपचार लांबविणे प्राणघातक ठरते. आतड्याच्या कर्करोगाचा रसायनोपचार पुरा केलेल्या ८८९ रुग्णांचा एक अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांच्या व्यायामकार्यक्रमातील रुग्णांपैकी आठ वर्षांनी ९०.३ टक्के, तर केवळ आरोग्यविषयक पुस्तिका मिळालेल्यांपैकी ८३.२ टक्के रुग्ण हयात होते. ही आशादायक वार्ता आहे. परंतु ती एका विशिष्ट रोगाच्या, उपचार संपलेल्या रुग्णांविषयी आहे. तिच्यावरून सर्व कर्करोगांविषयी अनुमान काढणे घाईचे होईल.

उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या बाबतीत निश्चितपणे सांगता येते ते एवढेच की, योग्य तपासणीनंतर, मोजून आणि देखरेखीखाली केलेला व्यायाम त्याचा थकवा कमी करतो, शक्तीची घट रोखतो आणि काही रुग्णांना ठरलेले उपचार पुरे करण्यास साहाय्य करतो. औषधाप्रमाणेच त्याचीही मात्रा असते, पथ्य असते आणि तो देणारा जाणकार असावा लागतो. फरक इतकाच की, हे औषध रुग्णाला दुसऱ्याकडून घेता येत नाही. ते त्याने स्वतः, आपल्याच पायांनी, थोडे थोडे मिळवावयाचे असते. त्यासाठी त्याच्याजवळ कोणी तरी उभे असावे, ही व्यवस्था करणे मात्र रुग्णालयाचे आणि समाजाचे काम आहे.